वर्गणीची वही मोबाईलमध्ये गेली, तुमचे प्रश्न

मागच्या अंकात क्राउडफंडिंगवर, म्हणजे ऑनलाइन बऱ्याच लोकांकडून थोडेथोडे पैसे जमवण्यावर, जाता जाता चारच ओळी लिहिल्या होत्या, तर महिनाभर मेसेज येऊन राहिलेत, काहींनी तर पाच-पाच मिनिटांचे व्हॉइस मेसेज टाकलेत, तेही चालू थ्रेशरच्या शेजारी उभं राहून. जेवढं ऐकू आलं त्यातले पाच प्रश्न घेतोय. नावं गाळलीत, गाव तेवढं ठेवलंय.

प्रश्न : आमच्या शाळेत चौथीत एक मुलगी आहे, तिच्या हृदयाला छिद्र आहे. मुंबईच्या हॉस्पिटलने साडेचार लाख सांगितलेत. वडील सालदार आहेत. आमच्यातले एक तरुण सर म्हणतात की ऑनलाइन टाका, दोन दिवसांत पैसे जमतात. खरंच जमतात का? आणि मी टाकू का माझ्या नावाने? (एक शिक्षिका, अमळनेर तालुका)

मॅडम, ऑनलाइनचं नंतर बघू. शाळेत ते तपासणीचं पथक येतं ना, वजन-उंची घेणारं, ते राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं असतं, 2013 साली आपल्याच पालघरमधून सुरू झालेलं, आणि जन्मजात हृदयदोष हा त्यांच्या यादीतलाच आजार आहे. 18 वर्षांपर्यंतच्या मुलांचं ऑपरेशन त्यातून फुकट होतं. तेव्हा उद्या शाळा सुटल्यावर जळगावच्या सिव्हिलला जा किंवा त्या पथकाच्या डॉक्टरांना फोन लावा. त्यात अडलं तर महात्मा फुले जन आरोग्य योजना आहे, रेशनकार्डावर, 5 लाखांपर्यंत. त्यातही अडलं तर ते मुंबईचं हॉस्पिटल ट्रस्टचं आहे का बघा, धर्मादाय हॉस्पिटलला 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांना फुकट आणि 10 टक्के दुर्बल घटकांना सवलतीत ठेवाव्या लागतात, मुंबई हायकोर्टाच्या 2006 च्या योजनेने. तिथे समाजसेवा अधिकारी बसतात, त्यांना भेटा, काऊंटरवरच्या पोराला विचारू नका, तो नाहीच म्हणेल.

हे सगळं करून जो खड्डा उरेल, म्हणजे येणं-जाणं, राहणं, औषधं, जे योजनेत बसलं नाही ते, त्यासाठी क्राउडफंडिंग. त्याच्या वेबसाइटी म्हणाल तर आपल्याकडे मिलाप 2010 पासून आहे, केटो 2012 पासून, इम्पॅक्टगुरू 2014 पासून. तिन्हीकडे साधारण पद्धत एकच, हॉस्पिटलचं लेखी इस्टिमेट, रिपोर्ट, आधार, फोटो, आणि पेशंटचं कोण लागतं याचा पुरावा. पैसे शक्यतो थेट हॉस्पिटलच्या खात्यात जातील असंच करून घ्या. फीचं नीट वाचा, काही ठिकाणी फी शून्य लिहिलेली असते पण देणाऱ्याच्या स्क्रीनवर वेबसाइटसाठीची टिप आधीच टिक केलेली असते, ती काढता येते हे आपल्या लोकांना माहीतच नसतं, पाचशे द्यायला जातात अन् पाचशे पन्नास-साठ जातात.

दोन दिवसांत जमतात का? जमतात कधीकधी, आणि तेच पेपरात येतं. जे जमले नाहीत ते कुठेच छापून येत नाहीत. 2021 ला एका बाळाच्या 16 कोटींच्या इंजेक्शनची बातमी आपण सगळ्यांनी वाचली, सरकारने त्यावरचा करही माफ केला होता, तेव्हापासून लोकांना वाटतं की फोटो टाकला की पाऊस पडतो. माझा अनुभव असा की अनोळखी माणूस तेव्हाच देतो जेव्हा त्याला दिसतं की ओळखीच्यांनी दिलंय. शून्यावर उभ्या असलेल्या पेजवर कोणी पहिला पैसा टाकत नाही. म्हणून लिंक बाहेर सोडायच्या आधी शाळेचा स्टाफ, माजी विद्यार्थी, गावातले बाहेर गेलेले, यांच्याकडून थोडेफार टाकून घ्या. आणि मजकूर मराठीतही लिहा. इंग्रजीत ‘प्लीज सेव्ह’ वगैरे असतं ते सगळ्या पोस्टींवर सारखंच असतं, अमळनेरचा माणूस अमळनेरच्या शाळेचं नाव वाचून थांबेल.

तुमच्या स्वतःच्या नावाने मात्र अजिबात नको. हे मी पुस्तकातून सांगत नाहीये. आमच्या दहावीच्या बॅचमधल्या एका मित्राच्या किडन्या गेल्या तेव्हा मी, बँकेत सगळी नोकरी काढलेल्या माणसाने, सरळ माझाच यूपीआय ग्रुपवर टाकला. अकरा दिवसांत 143 जणांनी 2 लाख 60 हजार दिले. पहिली भानगड नावांची. पैसे येतात ते पोराच्या, बायकोच्या, जावयाच्या मोबाईलवरून, स्क्रीनवर भलतंच नाव, आणि मी यादी टाकली त्यातून आमच्याच वर्गातला एक जण सुटला. बिचाऱ्याने 501 दिले होते, सुनेच्या फोनवरून. तो घरी आला, चहा घेतला नाही, एवढंच बोलला, “माझं नाव नाही तुझ्या यादीत.” दुसरी भानगड मोठी. त्या 143 मधले एक 2 हजार कोणाच्या तरी सायबर तक्रारीतल्या खात्यावरून फिरत फिरत आले होते, आणि बँकेने माझं अख्खं खातं होल्डवर टाकलं. 19 दिवस. तिकडे मित्राचं आठवड्याला तीनदा डायलिसिस, इकडे पैसे दिसतायत पण काढता येत नाहीत. शेवटी माझ्या पेन्शनच्या दुसऱ्या खात्यातून भागवलं.

वर टॅक्सचंही आहे. नातेवाईक सोडून बाकीच्यांकडून एका वर्षात 50 हजारांच्या वर पैसे आले तर ते तुमचं उत्पन्न धरलं जाऊ शकतं, आणि नुसते वरचे नाही, सगळेच. पैसे थेट हॉस्पिटलला गेले तर तुमच्या खात्यात तो लोंढा येतच नाही. देणाऱ्यांनाही सांगून ठेवा, एका व्यक्तीच्या उपचाराला दिलेल्या पैशावर 80 जी, म्हणजे देणगीवरची करसवलत, मिळत नाही, ते नोंदणी असलेल्या संस्थेला दिल्यावरच.

प्रश्न : मी एम.कॉम. करतेय. प्रोजेक्टचा विषय “विकसनशील देशांत डिजिटायझेशनचा क्राउडफंडिंगवर परिणाम” असा मिळालाय. नेटवर सगळं इंग्रजीत आणि बोजड आहे. सोप्या भाषेत सांगाल का? (विद्यार्थिनी, शहादा)

ताई, मनीऑर्डरपासून सुरुवात कर. तुझ्या आजोबांना विचार, मनीऑर्डरला दर 20 रुपयांमागे 1 रुपया कमिशन होतं. म्हणजे कोणी 50 रुपये पाठवायचे म्हटले तर 3 रुपये पोस्टाचे, शिवाय फॉर्म, शिवाय रांग. कोण पाठवणार 50 रुपये? म्हणून वर्गणी गावापुरतीच राहायची, वही घेऊन जेवढं फिरता येईल तेवढीच तिची हद्द. आता यूपीआयवर 10 रुपये पाठवायलाही काही लागत नाही. तुझ्या प्रोजेक्टचा गाभा माझ्या मते एवढाच आहे की लहान रक्कम पाठवणं परवडायला लागलं. गर्दीकडून पैसा गोळा करणं जुनंच आहे, गर्दीतल्या शेवटच्या माणसाच्या दहा रुपयांना पूर्वी रस्ता नव्हता.

आपल्याकडे हे टप्प्याटप्प्याने झालं, 2014 ला जनधन खाती, 2016 च्या एप्रिलमध्ये यूपीआय, त्याच सप्टेंबरात स्वस्त डेटा, नोव्हेंबरात नोटबंदी, आणि त्या वर्षाअखेरीस आमच्या बँकेसमोरचा शेवभाजीवालासुद्धा मोबाईल नंबर लिहिलेला पुठ्ठा लावून बसला.

केनिया तर यात आपल्या पुढे होता. तिथे 2007 ला मोबाईलवरून पैसे पाठवायचं एम-पेसा आलं, साध्या बटणाच्या फोनवर, इंटरनेट नको, बँक खातं नको. तिथे आपल्या वर्गणीसारखीच जुनी प्रथा आहे, हरांबे म्हणतात, म्हणजे सगळ्यांनी मिळून ओढा. शाळा, दवाखाना, अंत्यविधी, लग्न, सगळं हरांबेवर. 2012 ला एम-चांगा नावाचं प्लॅटफॉर्म आलं ते याच प्रथेवर बसलं, स्वाहिली भाषेत म्चांगो म्हणजे चक्क वर्गणी. तसंच इंडोनेशियात 2013 ला किताबिसा आलं, ब्राझीलमध्ये 2011 ला कतार्से. वर्ल्ड बँकेने 2013 ला रिपोर्ट काढला की विकसनशील देशांत 2025 पर्यंत वर्षाला 9,600 कोटी डॉलरपर्यंत क्राउडफंडिंग होऊ शकतं, त्यातलं निम्म्याहून जास्त एकट्या चीनमध्ये. हा आकडा प्रोजेक्टमध्ये टाक पण तो अंदाज होता असं लिही, सर लोक विचारतात.

चीनचं पुढे काय झालं तेही टाक. तिथे ऑनलाइन कर्ज देण्या-घेण्याचे हजारो प्लॅटफॉर्म उगवले, त्यातल्या एझूबाओ नावाच्या एकाने सुमारे 9 लाख लोकांचे 5,000 कोटी युआन गोळा केले आणि ज्या कंपन्यांना पैसे दिले म्हणून सांगितलं त्या बहुतेक खोट्याच निघाल्या. 2020 संपेपर्यंत चीनने असले सगळेच प्लॅटफॉर्म बंद करून टाकले. मलेशियाने मात्र 2015 लाच कंपनीचे शेअर विकून पैसे उभारायच्या क्राउडफंडिंगचे नियम करून मोजक्या सहा कंपन्यांना परवानगी दिली होती, त्यांचं तुलनेने सरळ चाललं. दोन्ही शेजारी शेजारी मांड.

एक धडा मात्र शहाद्यातच बसून लिही, नेटवर मिळणार नाही. धडगाव-अक्कलकुव्याकडच्या पाड्यांवर रेंज कुठे मिळते आणि कुठे टेकडीवर चढावं लागतं ते तुला माहितीये. घरात फोन एक, तो बापाच्या खिशात. मग ज्या बाईला गरज आहे तिची गोष्ट कोण लिहिणार, कोणत्या भाषेत, पावरीत? फोटो कोण काढणार? ज्याच्याकडे स्मार्टफोनवाला भाचा आहे त्याची गरज दिसते, बाकीच्यांची दिसत नाही. गोंडस मुलाच्या फोटोला पैसे येतात, पन्नाशीच्या दारुड्याच्या लिव्हरला कोणी देत नाही, मग त्याच्या पोरी कितीही लहान असोत. चार गावांत जा, वीस लोकांना विचार की गेल्या दोन वर्षांत मोबाईलवरून कोणाला मदत केली, कोणी तुम्हाला केली. तेवढं केलंस तर बाकीचं इंग्रजी कॉपी केलं तरी चालेल. (नको करूस, गंमत केली.)

प्रश्न : आम्ही बारा केळीवाले आहोत, चिप्स आणि पावडरचं युनिट टाकायचंय. एक जण टेलिग्रामवर भेटला, म्हणतो इक्विटी क्राउडफंडिंग करून देतो, लोकांकडून पाच-पाच हजार घ्या, महिन्याला 3 टक्के परतावा लिहून द्या, दोन कोटी आरामात जमतील, मला 8 टक्के द्या. करावं का? (रावेर तालुका)

नाही. त्याला ब्लॉक करा अन् मग पुढचं वाचा.

क्राउडफंडिंग म्हणून जे बोलतात त्यात चार वेगवेगळ्या गोष्टी आहेत, त्यांचा घोळ होतो. देणगी, तीत परत काही नाही. वस्तूच्या बदल्यात, म्हणजे आत्ता पैसे द्या, चिप्स तयार झाल्यावर पाकिटं घ्या. कर्ज. आणि चौथं इक्विटी, म्हणजे कंपनीत हिस्सा. आपल्याकडे पहिली दोन चालतात. कर्जाचं ऑनलाइन चालतं पण फक्त रिझर्व्ह बँकेकडे नोंदलेल्या पी-टू-पी (माणसाने माणसाला थेट कर्ज द्यायच्या) कंपन्यांमार्फत, 2017 पासून नियम आहेत, एका कर्जदाराला सगळीकडून मिळून 10 लाखांच्या वर नाही, एक माणूस एका कर्जदाराला 50 हजारांच्या वर देऊ शकत नाही, आणि खात्रीचा परतावा म्हणून जाहिरात करता येत नाही. चौथं, इंटरनेटवर पब्लिकला शेअर विकणं, याला आपल्याकडे मुभा नाही. शेअरबाजारावर नजर ठेवणाऱ्या सेबीने 2014 च्या जूनमध्ये त्यावर चर्चेसाठी एक कागद काढला होता, आम्हीही तेव्हा बँकेत चहा पिता पिता वाचला, पण त्याचे नियम काही झाले नाहीत, उलट 2016 ला सेबीने लोकांना सावध केलं की असल्या वेबसाइटी बेकायदा आहेत. खासगी कंपनीलाही वर्षात 200 च्या वर लोकांना शेअर देऊ करता येत नाहीत आणि जाहिरात तर नाहीच.

आणि महिन्याला 3 टक्के लिहून देणं म्हणजे तुम्ही ठेवी घेताय, त्याला 2019 चा कायदा आहे, जेल आहे, आणि जेलमध्ये टेलिग्रामवाला जाणार नाही, सही तुम्ही बारा जणांची असणार. रावेर-यावल-जळगाव पट्ट्यातल्या माणसाला मी बुडालेल्या पतसंस्थांची आठवण करून द्यायची गरज आहे का? ठेवीच्या पावत्या अजून कपाटात ठेवलेली घरं मला माहिती आहेत, पावती हिरवी, शिक्का निळा, अन् म्हातारी दर दिवाळीला काढून बघते. तिथे निदान ऑफिस होतं, कुलूप तरी दिसलं.

कायदेशीर रस्ता तुमच्या पायाशीच आहे, शेतकरी उत्पादक कंपनी, तिलाच एफपीओ म्हणतात. दहा शेतकरी लागतात, तुम्ही बारा आहात. सभासद वाढवा, प्रत्येकी दोन हजाराचे शेअर घ्या, केंद्राच्या 10,000 एफपीओच्या योजनेत सभासदामागे 2,000 रुपयांपर्यंत, एकूण 15 लाखांपर्यंत जोड भांडवल मिळायची तरतूद आहे, ती तुमच्या कंपनीला लागू होते का ते नाबार्डच्या जिल्हा अधिकाऱ्याला विचारा. आणि डिजिटल करायचंच असेल तर दुसरा प्रकार करा. जळगावच्या केळीला 2016 ला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालाय, पुण्या-मुंबईत खान्देशी माणूस ढिगाने आहे, त्यांना म्हणा हजार रुपये आगाऊ द्या, वर्षभरात चार वेळा पार्सल येईल. पाचशे जण झाले तर पाच लाख. दोन कोटी नाहीत, पण या पैशाला व्याज नाही आणि गिऱ्हाईक आधीच बांधलं गेलं.

लोकांना हिस्सा देऊन उद्योग उभा राहत नाही असं मात्र खान्देशात कोणी म्हणू नये. विप्रो अमळनेरला सुरू झाली, 1945 च्या डिसेंबरात, वनस्पती तुपाची कंपनी म्हणून. गावातल्या लोकांनी शेअर घेतले, ज्यांच्या घरच्यांनी लग्नात, आजारपणात विकून टाकले नाहीत त्यांचे पुढे कोटी झाले. पण तिथे गिरणी गावातच होती. भुईमूग आत जाताना दिसायचा, डबे बाहेर येताना दिसायचे.

प्रश्न : आमच्या मंडळाने यंदा पावतीपुस्तक बंद करून क्यूआर कोड लावला. वर्गणी दुप्पट झाली पण भांडणं चौपट झाली. क्यूआर खजिनदाराच्या स्वतःच्या खात्याचा आहे. तो म्हणतो सगळा हिशोब मोबाईलमध्ये आहे, पण मोबाईल दाखवत नाही. (मंडळाचा जुना कार्यकर्ता, धुळे)

आप्पा, पावतीपुस्तक बंद केलं ही चूक झाली. पावती म्हणजे कागद नसतो, तीन माणसं असतात, एक लिहिणारा, एक देणारा, एक शेजारी उभा राहून बघणारा. न्यूयॉर्कच्या स्वातंत्र्यदेवीच्या पुतळ्याखालच्या चौथऱ्याचे अडलेले पैसे 1885 ला असेच वर्गणीतून जमले, तिथल्या पुलित्झर नावाच्या संपादकाने आपल्या पेपरात देणाऱ्या प्रत्येकाचं नाव छापीन म्हणून सांगितलं, मग रक्कम कितीही लहान असो. 1 लाख 20 हजारांवर लोकांनी दिले, बहुतेकांचे एक डॉलरच्या आत. तेच काम आपल्याकडे मारुतीच्या पारावरचा काळा फळा करायचा, 11 रुपयेवाल्याचंही नाव त्यावर.

आता करायचं काय, तर मंडळ नोंदणीकृत नसेल तर वर्गणी गोळा करायला धर्मादाय कार्यालयाची तात्पुरती परवानगी लागते, 41 सी म्हणतात तिला, ती घ्या. मंडळाच्या नावाने खातं काढा, दोन सह्यांचं, क्यूआर त्या खात्याचा. रोज रात्री आरतीनंतर स्टेटमेंटची प्रिंट बोर्डावर. जुनं पावतीपुस्तक पण चालू ठेवा, क्यूआरने दिलं तरी पावती फाडा. खजिनदाराचं म्हणाल तर तो चोर असेलच असं नाही. त्याच्या खात्यात त्याचा कापसाचा पैसा, पोराची फी, मंडळाची वर्गणी सगळं एकत्र झालंय, त्याला स्वतःलाच आता वेगळं काढता येत नसेल, म्हणून दाखवत नाही. लाजतोय. एकट्याला चहाला घेऊन जा आणि शेजारी बसून वहीत उतरवून घ्या, पोरांसमोर विचाराल तर मोबाईल तळ्यात पडेल.

आणि हो, मंडपातला क्यूआर रोज सकाळी स्वतः स्कॅन करून बघा, नाव कोणाचं येतं ते. वरून दुसरा स्टिकर चिकटवून जायचे प्रकार होतात.

प्रश्न : भाऊ, माले एकच सांग. व्हॉट्सअॅपवर एक पोऱ्याना फोटो उना, नवापूर तालुकाना शे म्हने, दोनशे रुप्या दिन्हात मी. त्याले पोचनात का नही हाई माले कसं समजी? (शिलाई मशीनवाला, पिंपळनेर)

दादा, ज्या यूपीआयवर टाकले तिथे नाव काय आलं ते बघा, हॉस्पिटलचं, ट्रस्टचं की कोणा माणसाचं. व्यवहाराचा 12 आकडी नंबर लिहून ठेवा. मेसेजखाली हॉस्पिटलचं नाव असेल तर त्यातला नंबर लावू नका, हॉस्पिटलचा नंबर वेगळा शोधून फोन लावा आणि विचारा असा पेशंट आहे का, बऱ्याचदा असं निघतं की पेशंट खरा होता, दोन वर्षांपूर्वी बरा होऊन घरी गेला, फोटो अजून फिरून राहिलाय, खालचा क्यूआर तेवढा कोणीतरी बदललाय. तसं निघालं तर लगेच 1930 ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन करा, जितक्या लवकर कराल तितके पैसे अडायची शक्यता जास्त. आणि पैसे परत देतो म्हणून कोणी पिन टाकायला सांगितला तर टाकू नका, पैसे घ्यायला पिन लागतच नाही.

नाहीतर सोपं सांगू का, मेसेजमध्ये गावाचं नाव लिहिलंय ना. पिंपळनेरहून नवापूरला एसटी जाते. सोमवारी दुकान बंद असेल तर जाऊन या, आणि काय दिसलं ते मला कळवा.